इन्स्पेक्टरांच्या सुरकुत्या

नटाला नैसर्गिक फोटो हवा असतो. हे पुठ्ठेमास्तरांनी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं, की समोरचा 'एकदम नॅचरल' म्हणाला की ते मुकाट्याने उठत आणि फ्लॅशचा उजेड मवाळ करायचं सर्वांत मोठं झाकण आणायला जात. कारण वाक्याचा उरलेला भाग ठरलेला असे. "एकदम नॅचरल हवा, मास्तर. फक्त हनुवटी एकच दिसू दे." किंवा, "मी आहे तसाच दाखवा. म्हणजे लग्नाआधी होतो तसा."

अशा माणसांना आपल्या बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसवायचं, तीन छोट्या फ्लॅशच्या उजेडात त्यांच्या वयातून दहा वर्षं वजा करायची आणि 'तुम्ही मुळातच असे दिसता' या थाटात फोटो हातात ठेवायचा, हा मास्तरांचा धंदा होता. घर दुसऱ्या मजल्यावर. खाली लॉन्ड्री. त्यामुळे खोलीची फरशी बारा महिने उबदार असे आणि हवेत इस्त्रीचा वास असे. थंडीत येणारे नट याला स्टुडिओतली खास सोय समजत, आणि मास्तर त्यांना तसं समजू देत.

मास्तर मूळचे खोक्यांच्या कारखान्यातले स्टोअरकीपर. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने मोठ्या मनाने सांगितलं, ज्याला जे हवं ते घेऊन जा. कुणी पंखे नेले, कुणी खुर्च्या नेल्या, एकाने तर साहेबांच्या केबिनचा दरवाजा बिजागऱ्यांसकट काढून नेला. मास्तरांनी टेम्पो भरून पुठ्ठा आणला. बायको त्या टेम्पोकडे खिडकीतून बराच वेळ बघत उभी होती. ती काही बोलली नाही. त्यानंतर मात्र तिने ती कसर भरून काढली.

मास्तरांच्या फोटोग्राफीचा सगळा संसार त्या पुठ्ठ्यावर उभा होता. बड्या स्टुडिओत माणसाच्या उंचीचे दिवे असतात. मास्तरांकडे तळहाताएवढे तीन फ्लॅश होते, तेही वापरलेले. त्यांतल्या एकाच्या बॅटरीचं दार रबरबँडने बांधलेलं होतं, आणि दुसरा लहर आली तरच उजळायचा. छोट्या फ्लॅशचा उघडा उजेड सासरच्या माणसांसारखा असतो. जे आहे ते सगळं दाखवतो, आणि वर प्रत्येक गोष्टीची सावलीही पाडतो. म्हणून मास्तरांची सगळी अक्कल त्या उजेडाला पसरट आणि मवाळ करण्यात खर्ची पडली होती. बाथरूमचा पांढरा पडदा पाण्याच्या पाइपांच्या चौकटीवर ताणून त्यांनी खिडकीएवढं झाकण केलं होतं. बटाट्याच्या वेफर्सचा गोल डबा दोन्हीकडून कापून केसांवर उजेड टाकायची नळी झाली होती. मोडक्या पंख्याचा पाय हा स्टँड, आणि तो कलंडू नये म्हणून त्यावर जुन्या जीन्सचा वाळू भरलेला एक पाय. हनुवटीखालची सावली उडवायला गाडीच्या काचेला उन्हात लावतात तो चंदेरी पडदा. बाकी सगळा पुठ्ठा.

"भंगारवाला आला होता खाली," बायको म्हणायची. "मी म्हटलं, पुढे जा बाबा, आमच्याकडे घरचा आहे."

घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे. नोकरीत असताना ते वजनमापं तपासायला दुकानोदुकानी हिंडत. निवृत्त झाल्यावर आणि बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले, पण तपासणी काही थांबली नाही. भाजीची जुडी हातात तोलून ते किती कमी आहे ते सांगत. लॉन्ड्रीवाला त्यांना बघून आत जाई. आणि जावयाच्या धंद्याविषयी त्यांचं मत एकदाच, पण कायमचं नोंदवून झालं होतं: "जावईबापू, वस्तू आहे त्यापेक्षा चांगली दाखवून विकणं, याला आमच्या खात्यात वेगळा शब्द होता."

तरीसुद्धा त्यांचा एक उपयोग होता. गिऱ्हाईक यायच्या आधी मास्तर त्यांना स्टुलावर बसवून पहिली फ्रेम काढत. फ्लॅश पेटतात की नाही हे बघायला तेव्हा झाकणं लावलेली नसत. एकच उघडा फ्लॅश, बाजूने. सासऱ्यांच्या हातात कोरा पांढरा कागद असे, कारण त्या जुन्या फ्लॅशचा उजेड जरा निळसर पडे आणि मागाहून रंग नीट करताना पांढरं म्हणजे किती पांढरं ते कळावं लागे. कुठले फोटो कुणाचे हा घोळ होऊ नये म्हणून मास्तर त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत गिऱ्हाइकाचं नाव लिहीत. अशा रीतीने गावातल्या प्रत्येक नट-नटीच्या नावाची पाटी छातीशी धरून, आत्ताच तुरुंगात आणल्यासारखे बसलेले सासरे, असा मोठा संग्रह मास्तरांकडे तयार होत असे. फोटो पाठवताना ती पहिली फ्रेम ते आठवणीने काढून टाकत.

आता इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टर हे त्यांचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. ते नट होते. पण पडद्यावर त्यांनी उभ्या आयुष्यात पोलीस इन्स्पेक्टराखेरीज फारसं काही केलं नव्हतं. मारामारी आटोपून नायक घाम पुसत असला की जीपमधून उतरायचं आणि म्हणायचं, "घेऊन चला याला." हे वाक्य त्यांनी इतक्या निष्ठेने म्हटलं होतं की बँकेतला शिपाईसुद्धा त्यांना बघून टोपी नीट करी. मास्तरांनी ज्याचा फोटो काढला तो पहिला नट म्हणजे इन्स्पेक्टर. बड्या स्टुडिओवाल्याने त्यांना बाहेर ताटकळत ठेवलं, म्हणून रागाने ते शेजारच्या या पुठ्ठेवाल्याकडे आले, आणि फोटोत स्वतःचा गुळगुळीत चेहरा बघून इतके खूश झाले की दिसेल त्या नटाला त्यांनी इकडे पिटाळलं. मास्तरांचं घर चाललं ते त्यांच्या शब्दावर. मास्तरही हे जाणून होते. इन्स्पेक्टर केसांचा टोप घालतात हे साऱ्या गावाला माहीत होतं, पण वेफर्सच्या डब्यातला उजेड त्या टोपावर पडून तो चकाकू नये म्हणून मास्तर डबा नेहमी जरा खाली वळवत, आणि याबद्दल दोघं कधी एक शब्द बोलले नव्हते.

पण काळ बदलला. मालिकांमधले इन्स्पेक्टर पंचविशीतले आणि व्यायामशाळेतून थेट आलेले दिसू लागले. गेली दोन वर्षं इन्स्पेक्टरांना कुणी कुणाला घेऊन चला म्हणू दिलं नव्हतं. ते रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत आणि बाजारातून चक्कर मारून परत येत. आणि मग एक दिवस एका नव्या मालिकेच्या ऑफिसातून नट निवडणाऱ्या बाईंचा फोन आला. आजोबा हवेत. घरात बसलेले, रोज दिसणारे, रोज बोलणारे आजोबा. तुमचा आत्ताचा फोटो पाठवा.

इन्स्पेक्टर दोन-दोन पायऱ्या एकदम चढून आले आणि दारात धापा टाकत उभे राहिले.

"मास्तर, हे शेवटचं स्टेशन आहे. हे काम गेलं की मग मी खरंच घरी बसलो. जीव ओतून काढ."

"आजोबा म्हणजे जरा वय दिसलं पाहिजे ना, साहेब?"

"वय दिसू दे की. पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा माणूस लहानपणीच आजोबा झाला."

"किती लहानपणी?"

"बेचाळीस धर."

"मग नातू तुमचाच ठेवायचा की शेजाऱ्यांकडून आणायचा?"

"तू उजेड लाव. कथा ते लिहितील."

मास्तरांनी रिवाजाप्रमाणे आधी सासऱ्यांना बसवलं, हातात इन्स्पेक्टरांच्या नावाचा कागद दिला आणि उघड्या फ्लॅशने पहिली फ्रेम काढली. मग एक अघटित घडलं. सासरे उठून आले, कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चित्राकडे चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "हा बरा आलाय."

इतक्या वर्षांत त्यांनी या घरातल्या कशालाही बरं म्हटलं नव्हतं. मीठ, पंखा, जावई, काहीच नाही. मास्तरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्या तंद्रीत त्यांनी पुढे इन्स्पेक्टरांचे फोटो काढले. बाथरूमचा पडदा, चंदेरी पडदा, डबा, सगळं पणाला लावलं. इन्स्पेक्टर पस्तिशीचे दिसू लागले. त्याच तंद्रीत त्यांनी फोटो बाईंना पाठवले. आणि 'बरा आलाय' म्हटलेली फ्रेम काढून टाकायला त्यांचा हात झाला नाही. की मनातून त्यांना ती कुणीतरी बघावीशी वाटत होती, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

सोमवारी इन्स्पेक्टरांना भेटायला बोलावलं. दुपारी ते परत आले ते पायऱ्या एकेक करून चढत. स्टुलावर बसले. बायकोने पाणी आणून दिलं. ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

"काय झालं, साहेब?"

"दिग्दर्शक पोरगेलासा आहे. मी आत गेलो तसा उठून उभा राहिला. मला वाटलं, मान देतोय. तो माझ्या मागे बघत होता. म्हणाला, वडील बाहेर थांबलेत का?"

मास्तरांना ती पहिली फ्रेम आठवली.

"मी म्हटलं, कुणाचे वडील? तर बाईंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. त्यावर हे." त्यांनी पाण्याच्या ग्लासाने खिडकीजवळच्या खुर्चीकडे खूण केली. खुर्चीत सासरे होते. "हे! माझ्या नावाची पाटी घेऊन. बाई म्हणतात, आम्ही पहिलाच फोटो उघडला आणि ठरवून टाकलं. बाकीचे बघितलेच नाहीत. म्हणतात, आम्हाला किती बरं वाटलं की एक तरी नट वय लपवत नाही."

"अरे देवा," बायको म्हणाली.

"पुढे ऐका, ताई. तो पोरगा म्हणतो, असा चेहरा तुमच्याकडे असेल तर गुरुवारपर्यंत दाखवा. नाहीतर आम्ही या आजोबांनाच विचारतो. मास्तर, मी आयुष्यात कितीतरी वेळा हरलो. पण माझ्याच नावाखाली दुसरा माणूस निवडला गेला, असं आत्ता पहिल्यांदा झालं."

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "फोटो बरा आहे, हे मी तेव्हाच म्हटलं होतं."

इन्स्पेक्टर उठले, ग्लास न पिता ठेवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला, थेट मास्तरांना. गुरुवारी अडायला नको म्हणून आधीच विचारते, फोटोतले गृहस्थ कोण? अभिनय करतील का? करायचं विशेष काही नाही, बसायचं आणि सगळ्यांच्या चुका काढायच्या, आजोबा तसे आहेत. मास्तर फोन कानाला लावून उभे होते. समोर सासरे लेकीला सांगत होते की दुधाची पिशवी भरल्यासारखी वाटत नाही. मास्तरांच्या डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहिलं: रोज सकाळी दाराशी गाडी येते, सासऱ्यांना घेऊन जाते आणि दिवेलागणीला आणून सोडते. मधला सगळा वेळ घरात कुणीही काहीही तोलत नाही. एवढं सुंदर चित्र त्यांनी कधी कॅमेऱ्यातूनही पाहिलं नव्हतं.

"विचारून सांगतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय विचारायचंय?" सासऱ्यांचे कान शाबूत होते.

सांगावं लागलं. सासऱ्यांनी परत दुधाची पिशवी हातात घेतली. पण थोड्या वेळाने त्यांनी लेकीला हाक मारून निळा शर्ट खाली इस्त्रीला द्यायला सांगितलं, आणि आरशासमोर उभं राहून मान आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवून बघितली.

बायकोने मास्तरांना स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, तुमच्या मनात काय आहे?"

"माझ्या मनात काय असणार?"

"तोंडावर सगळं दिसतंय. फ्लॅश लावायचीसुद्धा गरज नाही. बाबा दिवसभर बाहेर, या विचाराने चेहरा कसा उजळलाय बघा."

"त्यांना हौस असेल तर आपण कोण अडवणार?"

"आणि इन्स्पेक्टर? त्यांनी पाठवलेल्या माणसांवर आपण इतकी वर्षं जेवलो. त्यांच्या तोंडचं काम आपल्या घरात आणून ठेवायचं?" ती भांडं खळकन ओट्यावर ठेवून म्हणाली, "पुठ्ठा आणलात तेव्हा मी काही बोलले नाही. हे आणलंत तर बोलेन."

मास्तरांनी इन्स्पेक्टरांना फोन लावला. "उद्या सकाळी या, साहेब. परत काढू. एकच फ्लॅश लावतो."

"एकच? बाकीचे बिघडले?"

"नाही."

पलीकडे इन्स्पेक्टर एकदा खाकरले. मग, "बघू," आणि फोन बंद.

बुधवारी सकाळी मास्तरांनी खोली रिकामी केली. पडद्याची चौकट आतल्या खोलीत नेऊन ठेवली, चंदेरी पडदा घडी करून पलंगाखाली सरकवला, वेफर्सचा डबा कपाटावर टाकला. उभ्या जन्माची कारागिरी अशी एकेक करून बाहेर काढताना त्यांना कारखान्यातला शेवटचा दिवस आठवला. उरला एक स्टूल आणि पंख्याच्या पायावर रबरबँडवाला एक फ्लॅश. बाजूला, जरा वर, उघडा.

इन्स्पेक्टर आले. टोप व्यवस्थित विंचरलेला होता. सासऱ्यांनी सवयीने कागद हातात घेऊन पहिली फ्रेम दिली. ते निळा शर्ट घालून बसले होते. मग इन्स्पेक्टर बसले. मास्तरांनी एक फोटो काढला, बघितला आणि कॅमेरा त्यांच्यापुढे धरला.

उघड्या उजेडाने आपलं काम केलं होतं. डोळ्यांखालच्या पिशव्या, नाकापासून ओठांपर्यंतच्या खोल रेघा, कपाळावरच्या आडव्या घड्या. आणि या सगळ्याच्या वर काळा कुळकुळीत, तिशीतला टोप.

"डोकं दुसऱ्याचं वाटतंय," इन्स्पेक्टर म्हणाले.

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. खुर्चीतल्या सासऱ्यांना तर हे आयतंच सापडलं होतं. माणसाने मालाला लावलेलं खोटं लेबल इतकं समोर त्यांना कुठल्याही दुकानात मिळालं नव्हतं. ही संधी त्यांनी सोडली.

इन्स्पेक्टरांनी दोन्ही हात कानांमागे नेले आणि टोप काढला. त्यांचं डोकं लहान होतं, फिकट, कडेने थोडे पांढरे केस. टोप कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. टेबलावर बॅटऱ्या पसरलेल्या होत्या, जमिनीवर ठेवायचं मन होईना. सासरे उठले, कागद बाजूला ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. इन्स्पेक्टरांनी टोप त्यांच्या हातात दिला.

"आता चेहऱ्याचं काय करू?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"काही करू नका," मास्तर म्हणाले.

"मला ते येत नाही रे. काही न करायचं काम मला कुणी दिलंच नाही."

"मग काय करायचं होतं तुम्हाला? इतकी वर्षं?"

इन्स्पेक्टर विचार करू लागले. त्यांना खरोखरच काय करायचं होतं ते आठवत होते, की कधी आठवायचंच राहून गेलं होतं, कोण जाणे. मास्तरांनी बटण दाबलं. फ्लॅश एकदा चमकला.

तो फोटो बघून मास्तर पुढचा काढायचं विसरले. त्यात कुणी इन्स्पेक्टर नव्हता, बेचाळीस वर्षांचा आजोबा तर नव्हताच. एक म्हातारा माणूस कुणीतरी विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधत होता, इतकंच. इतकी झाकणं बनवूनही त्यांना असा फोटो कधी जमला नव्हता. आणि तो जमला तेव्हा त्यांतलं प्रत्येक झाकण आतल्या खोलीत होतं.

सासऱ्यांनी टोप परत दिला. "हलका आहे हो," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, जड असेल."

"उन्हाळ्यात होतो," इन्स्पेक्टर म्हणाले आणि तो खिशात घालून निघाले. जिना उतरून ते लॉन्ड्रीसमोरून तसेच, उघड्या डोक्याने गेले. लॉन्ड्रीवाल्याने त्यांना ओळखलं नाही.

सासऱ्यांनी निळ्या शर्टाची बटणं सोडायला घेतली. "जावईबापू, त्या बाईंना कळवून टाका. म्हणावं, मला दिवसभर एका जागी बसवत नाही."

सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच खुर्चीत बसणाऱ्या माणसाने हे सांगितलं. दाराशी येणारी गाडी मास्तरांच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. त्यांनी फोन उचलला आणि बाईंना तसं शब्दशः कळवलं. नवा फोटोही पाठवला, एकच. या वेळी त्यांनी तीनदा तपासून पाहिलं.

गुरुवारी संध्याकाळी इन्स्पेक्टरांचा फोन आला.

"मास्तर, आजोबा झालो."

"पेढे नंतर मागतो. आधी अभिनंदन, साहेब."

"पोरगा उठून उभा राहिला. या वेळी माझ्याकडेच बघत होता. मागे वळून खात्री करून घेतली मी." मग आवाज खाली आला. "एक ऐक. तो फोटो कुणाला दाखवू नकोस."

"अहो, पण तुम्ही आता रोज टीव्हीवर तसेच दिसणार. सगळं गाव बघणार."

"ते वेगळं. तिथे मी आजोबा असेन. फोटोत मी आहे."

मास्तरांनी भिंतीकडे बघितलं. ते "बरं" म्हणाले. भिंतीवर गुळगुळीत चेहऱ्यांच्या दोन रांगा होत्या. अभिमानाने लावावा असा एकुलता एक फोटो, तोच लावायची सोय उरली नाही.

"काय म्हणाला?" खुर्चीतून प्रश्न आला.

"काम मिळालं त्यांना."

"कुणामुळे?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं.

"तुमच्यामुळे, बाबा," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी एकदाच म्हटलं. पुढचे कित्येक महिने रोज जेवताना ते त्यांना परत ऐकावं लागलं.